पाणी, पावर आणि फरशी: फ्रंट लोड वॉशिंग मशीन बसवण्याआधी

वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या कामासाठी मी बेळगाव शहरात आणि खानापूर, निपाणीकडच्या गावांत फिरतो. "नवीन मशीन बिघडलंय, लवकर या" असा फोन येतो, मी जातो, आणि मशीन ठणठणीत निघतं. नळाला दाब नसतो, नाहीतर अर्थिंग नसतं, नाहीतर न्हाणीची फरशी उतरती असते. फ्रंट लोड मशीन टॉप लोडपेक्षा कपडे चांगले धुतं, पाणीही कमी घेतं, पण नखरे जास्त करतं. नखरे तीनच: पाणी, पावर आणि फरशी. दुकानात पैसे मोजायच्या आधी हे तिन्ही घरी तपासा.

जागा आणि दरवाजा

साधारण फ्रंट लोड मशीन ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच असतं. खोली मॉडेलप्रमाणे ४५ ते ६० सेंटिमीटर. म्हणजे रुंदी जवळपास दोन फूट. आपल्याकडच्या जुन्या घरांत न्हाणीचा दरवाजाही दोन फुटांचाच असतो, आणि चौकट धरली तर त्याहून कमी. शहापुरातल्या एका घरी मशीन खोक्यासकट तासभर दारात अडकून पडलं होतं. खोकं काढलं, मशीन आडवं फिरवलं, तेव्हा आत गेलं. दरवाजा, जिन्याचं वळण आणि बोळ, तिन्ही टेपने मोजा. मागे पाइपांसाठी हाताची वीत, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं आणि पुढे दार पूर्ण उघडेल एवढी जागा हवी.

वजन ६० ते ७५ किलो असतं. ड्रम स्थिर राहावा म्हणून आत काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, म्हणून एवढं जड. उचलायला दोन धडधाकट माणसं हवीत, आणि दाराला किंवा साबणाच्या कप्प्याला धरून उचलायचं नाही. लाकडी माडीवर ठेवू नका. पिळताना ड्रम मिनिटाला हजार-बाराशे फेरे घेतो, माडी थरथरते आणि मशीनही एका जागी राहत नाही.

पाण्याचा दाब

बेळगावात नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं. काही भागांत नळ चोवीस तास असतो, पण पुष्कळ घरांचा कारभार अजून टाकी, विहीर नाहीतर बोअरवर चालतो. मशीन टाकीला जोडायचं असेल तर एक हिशोब करा. काही मशीनना ०.३ बार दाब पुरतो, काहींना त्याहून जास्त लागतो. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत असतो. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक बार, म्हणून ०.३ बारसाठी टाकीचा तळ मशीनच्या नळापासून निदान ३ मीटर वर हवा.

दुमजली घराच्या तळमजल्यावर हे बहुधा जमतं. वरचा स्लॅब वीस फुटांवर, त्यावर टाकीचा कट्टा, आणि मशीनचा नळ जमिनीपासून तीन फुटांवर असतो. पंचाईत वरच्या मजल्याची. टाकी डोक्यावरच असते, बादली भराभर भरते, म्हणून लोकांना वाटतं पाणी पुष्कळ आहे. पण मशीनच्या आतला व्हॉल्व पाण्याच्या दाबानेच पूर्ण उघडतो. दाब नसला की तो अर्धवट उघडतो आणि पाणी करंगळीएवढ्या धारेने येतं. ठरलेल्या मिनिटांत ठरलेलं पाणी आलं नाही की मशीन थांबतं आणि एरर दाखवतं. एलजीच्या मशीनवर आयई, सॅमसंगवर ४सी किंवा जुन्या मॉडेलवर ४ई. अशा घरी छोटा प्रेशर पंप बसवावा नाहीतर टाकी उंच करावी. पंप नळ उघडला की आपोआप सुरू होणारा घ्या. हाताने चालू-बंद करायचा पंप घरातलं कुणी ना कुणी विसरतंच.

मशीनसाठी पाऊण इंची आट्यांचा वेगळा कॉक भिंतीत बसवून घ्या. कॉक भिंतीत बसवताना प्लंबर टेफलॉन टेप गुंडाळेल, ते बरोबरच. पण मशीनच्या इनलेट पाइपच्या प्लॅस्टिक नटाला टेप लागत नाही. तिथे पाणी रबरी वायसर अडवतो. नट हाताने घट्ट करा, पान्याने आवळला तर चिरतो. कॉक आणि पाइप यांच्यामध्ये जाळीचा छोटा फिल्टर जरूर लावा. पहिल्या पावसात नळाला गढूळ तांबूस पाणी येतं, विहिरीतून पालापाचोळ्याचे कण येतात, ते सगळं मशीनच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत बसतं.

पावर आणि अर्थिंग

हे नीट वाचा, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

मशीनमधला हीटर साधारण २००० वॅटचा असतो. म्हणजे गरम पाण्याचं धुणं चालू असताना नऊ-दहा अँपिअर करंट जातो. टीव्ही, मोबाइलचा छोटा सॉकेट हा भार पेलत नाही, एक्स्टेन्शन बोर्ड तर नाहीच नाही. पंधरा-सोळा अँपिअरचा पावर सॉकेट, त्याला मेन बोर्डापासून स्वतंत्र निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वेगळा एमसीबी, एवढं वायरमनकडून करून घ्या. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, घरात नसेल तर तो बसवायची हीच वेळ आहे. सॉकेट पाणी उडणार नाही अशा उंचीवर आणि हात पोचेल असा हवा. मशीनच्या पाठीमागे नको.

"मशीनला हात लावला की मुंग्या येतात." ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय की पत्ता विचारायच्या आधी अर्थिंग विचारतो. मशीनच्या आत विजेतली खरखर गाळणारा एक फिल्टर असतो. तो थोडासा करंट मुद्दामच अर्थच्या वायरमध्ये सोडतो. घराला अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, काही कळतही नाही. अर्थिंग नसेल तर तो मशीनच्या पत्र्यावर येऊन बसतो, टेस्टर लावला की पेटतो. मशीन बदलून आणलं तरी तेच होणार. आणि उद्या आतली एखादी वायर खरोखरच पत्र्याला टेकली, तर ओल्या हाताने दार उघडणाऱ्याचं काय, हे सांगायला नको.

सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. काही वायरमन न्यूट्रलचीच वायर तिथे जोडून देतात, ते तर अर्थिंग नसण्यापेक्षा वाईट. वायरमनला मीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज बघायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असलं तर ठीक. मग फेज आणि अर्थवर दिवा लावून बघायला सांगा. दिवा लख्ख पेटला पाहिजे. आरसीसीबी बसवलेला असेल तर तो या परीक्षेत पडेल, पडायलाच हवा. हे काम स्वतः करू नका.

खानापूरकडच्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीत आणखी एक भानगड आहे. पावसाळ्यात अर्थिंग उत्तम, आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा पडला की तेच अर्थिंग कमजोर. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा अर्थच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की मशीनचा प्लग काढून ठेवा. मशीनचा बोर्ड महाग असतो. स्टॅबिलायझर लावायचा असेल तर हीटरचा भार पेलणारा घ्या, फ्रिजचा छोटा चालत नाही. घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरवर मशीन लावू नका.

मशीन बसवणं

कंपनीचा माणूस येऊन बसवून देतोच, पण तो घाईत असतो. त्याच्या शेजारी उभं राहून पुढच्या गोष्टी होतात की नाही ते बघा.

सगळ्यात आधी ट्रान्झिट बोल्ट. प्रवासात ड्रम आदळू नये म्हणून मशीनच्या पाठीमागून लांब बोल्ट घालून तो जखडलेला असतो. बहुतेक मशीनला चार, काहींना तीन. हे काढल्याशिवाय मशीन चालू करायचंच नाही. खानापूर तालुक्यातल्या एका घरी टेम्पोवाला मशीन उतरवून गेला आणि कंपनीच्या माणसाची वाट न बघता घरच्यांनी कपडे टाकले. पिळायला सुरुवात झाली तसं मशीन उड्या मारत न्हाणीच्या मधोमध आलं, आणि स्वतःच्याच वायरीला हिसका देऊन प्लग काढून थांबलं. त्या घरची आजी अजून म्हणते, त्याला वारं आलं होतं. बोल्ट पान्याने सैल करायचे, रबरासकट ओढून काढायचे आणि भोकांना सोबत आलेली प्लॅस्टिकची टोपणं लावायची. टोपणं टाळू नका, त्या भोकांतून झुरळं आणि उंदराची पिल्लं आत जातात. बोल्ट पिशवीत घालून ठेवा.

मग लेव्हल. न्हाणीची फरशी पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतरती केलेली असते, आणि शहाबादी असेल तर वर-खालीही असते. मशीन त्यातल्या त्यात सपाट जागी ठेवा, जमलं तर गवंड्याकडून दोन-तीन इंचांचा पक्का सिमेंटचा कट्टा करून घ्या. चाकांच्या स्टँडवर फ्रंट लोड ठेवू नका. दुकानदार स्टँड हमखास गळ्यात मारतो, त्याला नाही म्हणा. मशीनचे चारही पाय फिरवून वर-खाली होतात. वरच्या पत्र्यावर पाणसळ ठेवा, एकदा आडवी, एकदा उभी. मग समोरासमोरचे दोन कोपरे हातांनी दाबून बघा. मशीन डुगडुगलं तर एक पाय अधांतरी आहे. सगळं जमल्यावर प्रत्येक पायावरचं लॉकनट वर, मशीनच्या बुडाकडे, घट्ट करायचं. हे राहिलं तर महिनाभरात थरथरून पाय पुन्हा सैल होतात.

ड्रेन पाइपमध्ये सगळ्यात जास्त चूक होते. आपल्याकडे पाइप सरळ न्हाणीच्या जमिनीवर सोडतात, कारण पाणी तिकडेच जायचंय. पण पाइपचं तोंड मशीनच्या आतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलं की पाणी आपोआप ओढलं जातं. इकडून मशीन भरतंय, तिकडून रिकामं होतंय. टाकी संपते, धुणं सुरूच होत नाही. पाइपचं टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवा. भिंतीतल्या पाइपात सोडायचं असेल तर वीतभरच आत घाला आणि भोवती हवा जायला फट ठेवा. फट चिंधीने बुजवली तरी पाणी ओढलं जाण्याचा तोच घोळ होतो.

शेवटी कपडे न टाकता, चिमूटभर पावडर घालून ६० अंशांवर एक फेरी चालवा. कारखान्यातल्या चाचणीचं पाणी आणि तेलकटपणा निघून जातो, आणि कुठे गळतंय का तेही कळतं. कंपनीचा माणूस असेपर्यंत निदान पाणी भरणं, सोडणं आणि पिळणं एवढं बघून घ्या.

दारावरचा सिरियल नंबरचा स्टिकर आणि बिल, दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढा. निपाणीकडची पुष्कळ मंडळी कोल्हापुरात खरेदी करतात. वॉरंटीला त्याने बाधा येत नाही, पण तक्रार नोंदवताना मशीन जिथे आहे तिथला पिनकोड द्यायचा, दुकानाचा नाही. आपले पिनकोड ५९० नाहीतर ५९१ ने सुरू होतात. मनात काहीही असो, फॉर्ममध्ये राज्य कर्नाटकच निवडा. नाहीतर पिनकोड जुळत नाही आणि तक्रार दोन कार्यालयांमध्ये फिरत बसते. इथे तरी सीमावाद नको.

रोजचं धुणं

बादलीत फेसाळणारी पावडर या मशीनला चालत नाही. फ्रंट लोडसाठी कमी फेसाची पावडर किंवा लिक्विड मिळतं, तेच वापरा, आणि पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा थोडं कमीच. फेस जास्त झाला की कपडे पाण्यात आपटत नाहीत, फेसावर तरंगतात, आणि मळ तसाच राहतो.

सात किलोचं मशीन म्हणजे सात किलो कोरडे सुती कपडे. किलोचं गणित कुणी करत बसत नाही, म्हणून साधी खूण सांगतो: कपडे भरल्यावर वर उभा तळहात सहज जायला हवा. वाकळ मशीनमध्ये टाकायचा मोह आवरा. भिजलेली वाकळ एका बाजूला गोळा होते, ड्रम तोल शोधत राहतो आणि शेवटी यूई दाखवून थांबतो. एकटी जाड चादर टाकली तरी तेच. सोबत दोन टॉवेल टाका, वजन वाटलं जातं. रोप लावणीच्या दिवसांतले चिखलाचे कपडे आधी धुण्याच्या दगडावर खळबळून काढा. ती माती ड्रममध्ये विरघळत नाही, खाली पंपात जाऊन बसते. शहापूरच्या मागावरची रेशीमकाठाची साडी हातानेच धुवा.

गरम पाण्याचं म्हणाल तर, रोजच्या कपड्यांना थंड किंवा ४० अंश पुरे. पंधरा लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला पाव युनिट लागतं, ६० वर न्यायला ०.६ आणि ९० वर न्यायला एक युनिटहून जास्त. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, तुमच्या जुन्या सरासरीवर थोडी वाढ धरून मोफत युनिट ठरलेली असतात आणि महिन्याला २०० ही हद्द आहे. हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल शून्य येत असेल तर ९० अंशांचं बटण दाबण्यापूर्वी मीटरकडे बघा. महिन्यातून एकदा मात्र ६० अंशांचं धुणं हवंच, नाहीतर ड्रमच्या मागे साबणाचा बुळबुळीत थर साचतो आणि वास मारतो.

धुणं संपल्यावर दार लगेच उघडत नाही, मिनिट-दोन मिनिटं थांबावं लागतं. ओढाओढी करून हँडल तोडणारे दर महिन्याला भेटतात.

घरच्या घरी सर्व्हिसिंग

खाली पुढच्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे ड्रेन पंपाचा फिल्टर. तो महिन्यातून एकदा साफ करायचा. प्लग काढा, कॉक बंद करा, आत गरम पाणी असेल तर निवू द्या. खाली पसरट ताट ठेवा. बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून आधी पाणी सोडा. मग फिल्टर सावकाश डावीकडे फिरवून काढा. मला आजवर नाणी, केसांच्या पिना, साडीच्या पिना, सुपारीचे तुकडे, आणि एकदा नथीचा मोती मिळालाय. आतलं पंखं बोटाने फिरतंय का बघा, फिल्टर ब्रशने धुऊन घट्ट लावा. एलजीत ओई, सॅमसंगमध्ये ५सी किंवा ५ई दिसला तर मला फोन करायच्या आधी हेच करा. पावसाळ्यात वीज गेली, मशीन पाण्यासकट बंद पडलं आणि कपडे काढायचेच आहेत, तर याच नळीने पाणी काढता येतं.

दाराच्या रबराच्या घडीत पाणी, केस आणि धागे साचतात. प्रत्येक धुण्यानंतर कोरड्या फडक्याने पुसा आणि दार चार बोटं उघडं ठेवा, साबणाचा कप्पाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, बंद ठेवलेल्या मशीनच्या रबरावर पंधरा दिवसांत काळी बुरशी धरते आणि ती मग निघत नाही. पण उघड्या दारातून मांजर आत जाऊन झोपतं, तेव्हा कपडे टाकण्याआधी ड्रममध्ये हात फिरवा. लहान मुलं असतील तर त्यांना जाता येणार नाही अशा ठिकाणी मशीन ठेवा, नाहीतर ती असतील तेव्हा दार बंदच.

पाणी घेण्याच्या तोंडाची जाळी दोन-तीन महिन्यांनी, आणि पहिल्या पावसानंतर आवर्जून. कॉक बंद, नट सैल, पक्कडीने जाळी हळूच बाहेर, जुन्या दातब्रशने साफ.

बोअरचं जड पाणी असेल तर हीटरवर चुन्यासारखा पांढरा थर बसतो. गीझरवर, बादलीच्या काठावर पांढरं येत असेल तर मशीनमध्येही येतंय समजा. रिकाम्या ड्रममध्ये शंभर ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, टाकून ६० अंशांवर एक फेरी, मग साध्या पाण्याची एक. बोअरवाल्यांनी तीन महिन्यांनी, नळवाल्यांनी वर्षातून एकदा. त्याच फेरीत ब्लीच टाकू नका, विषारी वायू तयार होतो. कंपनीची डीस्केलिंग पावडरही चालते, दर तेवढा चढा.

उंदरांचं वेगळं सांगतो. फ्रंट लोडचा तळ पुष्कळ मॉडेलमध्ये उघडा असतो. पावसात शेतातले उंदीर घरात येतात, मोटारीजवळ ऊब मिळते, वायरी कुरतडतात. वॉरंटीत हे सहसा धरत नाहीत. बसवतानाच खाली जाळी किंवा पत्रा लावून घ्या.

मला कधी बोलवायचं

पिळताना विमान उडाल्यासारखा घरघराट येत असेल तर मशीन बंद करून ड्रम हाताने फिरवा. खरखर लागली, ड्रम वर-खाली हलला, तर बेअरिंग गेलं. पाण्याचं सील झिजतं, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, गंज धरतो. लवकर आलात तर बेअरिंग आणि सील बदलून भागतं, तसंच रेटलंत तर ड्रमचा आधारही खातो. मशीनखाली पाणी, जळका वास, एमसीबी पडणं, यातलं काहीही झालं तर प्लग काढा आणि थांबा.

"मोटरवर दहा वर्षं वॉरंटी" याचा अर्थ फक्त मोटर. बोर्ड, पंप, रबर, दाराचं लॉक त्यात येत नाही, आणि आमच्याकडे मोटरपेक्षा हेच जास्त जातं. वार्षिक करार घ्यायचा तर त्यात सुटे भाग आहेत की नुसती मजुरी, हे लेखी विचारा.

घर बदलताना ट्रान्झिट बोल्ट परत घालावे लागतात, आणि तेव्हा ते कुणालाच सापडत नाहीत. म्हणून मी बोल्टांची पिशवी मशीनच्या पाठीमागेच, ड्रेन पाइपच्या क्लिपला सुतळीने बांधून ठेवतो.